राघू मोटारीची ठिणगी, झेंडूची माळ आणि उत्तमरावांचे मनगट

मी गोदाबाई भ्रतार नत्थुजी मेहरे, धंदा भाजीपाला व फुले, वय अदमासे सत्तर, राहणार मौजे वलगाव, तालुका व जिल्हा अमरावती, आपल्या राजीखुशीने लिहून ठेवते की माझी अक्कल शाबूत आहे. दाखला हवा असेल तर आज सकाळी मी मेथीच्या वाफ्यात बसले असताना दोन शेते पलीकडून मोटार गेली आणि मी बसल्या जागेवरून सांगितले की तिच्या तिसऱ्या नळकांड्यात ठिणगी पडत नाही. मोटार पुढे थांबली तेव्हा सून जाऊन पाहून आली. तार निघालेली होती. अक्कल जाग्यावर नसलेल्या बाईला हे जमत नाही.

माझे शिक्षण दुसऱ्या बुकापर्यंत. जोडाक्षरे शाळेचे मास्तर महादेवराव यांनी दुरुस्त केली आहेत. मजकुराला मी त्यांना हात लावू दिला नाही. अर्जनविसाकडे गेले होते, तो म्हणाला, "बाई, हे सारं लिहाची गरज नाही." म्हणून स्वतः लिहिते.

कलम पहिले. घर, विहीर व मळा माझा मुलगा खुशालराव याला. त्यात वाद नाही. पाचही नातवंडांना आंब्याच्या सहा झाडांपैकी पाचवे सोडून एकेक झाड. पाचव्यावर मुंगळे आहेत, ते खुशालरावाला.

कलम दुसरे. राघूचा भोंगा शेजारीण तानुबाईला. वीस वर्षे ती म्हणते आहे की या भोंग्यामुळे तिची म्हैस आटली. आता भोंगा तिच्याकडेच राहील. तिचा आवाजही अलीकडे बसला आहे, म्हशीला हाक मारायला उपयोगी पडेल.

राघू म्हणजे आमची मोटार, हे नव्या माणसाकरिता लिहिते. हिरवी, बिनटपाची, दोन माणसांची, पळणारी. आमचे हे बैलजोडी आणायला अकोल्याला गेले आणि विलायतेला निघालेल्या एका साहेबाची ही मोटार घेऊन आले.

मी म्हटले, "बैल कुठं हायेत?"

"हेच हाये. याले चारा लागत नाही."

"मंग शेन कोन देईन?"

त्याचा जबाब ते मरेपर्यंत देऊ शकले नाहीत. पण पहाटेची वांगी अमरावतीच्या बाजारात सगळ्यांच्या आधी आमचीच पोचू लागली, तेव्हा मी तो प्रश्न सोडून दिला.

कलम तिसरे, आणि हा कागद खरा याच्यासाठी आहे. एक गोष्ट अकरा वर्षे माझ्या पोटात आहे. ती पोटात घेऊन मला जायचे नाही. पण ती समजायला आधी राघूची ठिणगी समजली पाहिजे, म्हणून थोडे दमाने वाचावे.

राघूच्या पोटात चार नळकांडी आहेत. एकेकात उखळातल्या मुसळासारखा दट्ट्या खालीवर होतो. तो वर आला की ठिणगी पडून पेट्रोल पेटते आणि दट्ट्याला खाली ढकलते. आता कोणी म्हणेल, दट्ट्या अगदी वर आला की ठिणगी पाडा, झाले. तसे नाही. मी लहानपणी माझ्या बापाच्या विहिरीवर मोट रिकामी करायला उभी राहायची. बाप बैल हाकायचा, मोट वर आली की मी "हाँ" म्हणायची आणि बैल थांबायचे. पण मोट काठाशी आल्यावर हाक दिली तर बैल आणखी दोन पावले जातात आणि मोट चाकावर आदळून पाणी सांडते. हाक थोडी आधी द्यावी लागते. बैल पळत असतील तर आणखी आधी. बैल रमतगमत असताना लवकर हाक दिली तर मोट काठाखालीच थांबते, परत विहिरीत जाते आणि हाकणाऱ्यासकट सगळ्यांना मागे ओढते.

ठिणगी म्हणजे ती हाक. बस, एवढेच आहे. ती हाक पुढेमागे करायला राघूच्या फिरवायच्या चाकाखाली एक काडी आहे. वर केली की ठिणगी मागे, म्हणजे उशिरा; खाली केली की पुढे, म्हणजे आधी. धावताना काडी पुढे हवी. पण हँडल मारून चालू करताना राघू रमतगमत असतो, तेव्हा काडी पार मागे हवी. पुढे राहिली तर हँडल उलटे फिरते आणि मारणाऱ्याचा हात मोडते.

आता पोटातली गोष्ट.

अकरा वर्षांमागच्या दसऱ्याला आम्ही विळे, कुदळी, तराजू आणि राघू यांची पूजा मांडली. माळ मी केली होती, आमच्याच मळ्याचा झेंडू, मनगटाएवढी जाड. राघूच्या दिव्यांवर टिकेना, घसरून पडे. तेव्हा ती काडी मला चांगली खुंटीसारखी दिसली. मी माळ तिच्यावर अडकवली, हात जोडले आणि पुरण शिजवायला गेले. रात्रभर माळेच्या वजनाने काडी खाली आली. दुसऱ्या सकाळी मी निर्माल्य काढून नदीत सोडले आणि काडीकडे पाहिलेसुद्धा नाही.

त्या दिवशी सोने द्यायला व्याही उत्तमराव आले, माझ्या सुनेचे वडील, बडनेऱ्याचे. नवा कोट घातला होता. म्हणाले, "व्हा बाजूले, मी दाखवतो हँडल कसं मारतेत ते." दाखवले. राघूने एकदाच "ठाक" केले आणि उत्तमरावांचे उजवे मनगट मोडले. बाह्या वर करून मारले असते तर कोट तरी वाचला असता.

आमचे मिस्त्री पुंजाराम शपथेवर सांगत होते, "मी काडी मांगंच ठेवली होती, मालक!" उत्तमराव ओरडत होते, "तुह्या मिस्त्र्यानं माहा हात मोडला!" आमच्या यांनी व्याह्यांच्या भिडेखातर पुंजारामला त्याच दिवशी कामावरून काढले. उत्तमराव म्हणाले, "हा मानूस जोवर आपली चूक कबूल करत नाही तोवर या घरचा घास घेनार नाही." पुंजारामने चूक केलीच नव्हती, तो काय कबूल करणार? अकरा वर्षे उत्तमराव आपल्या लेकीकडे येतात, ओट्यावर बसतात आणि घरून आणलेली भाकर खातात.

त्या सांजेला मी राघू पुसायला गेले तर काडीच्या खाचेत झेंडूची एक पाकळी अडकलेली दिसली. मला सगळे समजले. मी पाकळी उचलली आणि गप्प बसले. आधी भीतीने, मग लाजेने, मग सवयीने. पाकळी माझ्या करंड्यात आहे. ज्याला पुरावा पाहायचा त्याने पाहावा.

म्हणून मी लिहून देते की उत्तमरावांचा हात पुंजारामने मोडला नाही. मी मोडला, आणि तोही देवपूजेत.

कलम चौथे. आमच्या यांची अवजारांची पेटी आणि मळ्याच्या उत्तरेचा गोठा हल्ली बडनेऱ्याला राहणाऱ्या पुंजाराम यांना, दुकान मांडायला. त्यांची माफी मागितली आहे असे खुशालरावाने सगळ्या बाजारासमोर मोठ्याने वाचावे. लाजत वाचू नये.

कलम पाचवे. राघू कोणाला? पुंजाराम कामावरून गेल्यावर ठिणगी लावणारे कोणी उरले नाही, म्हणून मीच शिकले. वाटीचा पेच सैल करायचा, ठिणगी वाटणारी ती वाटी जवाभर फिरवायची, आणि पेढी नदीच्या चढावर पाच पाट्या वांगी घालून न्यायचे. हाक फार लवकर असेल तर राघू डब्यात फुटाणे हलवल्यासारखा वाजतो. उशिरा असेल तर जेवून उठलेल्या पाटलासारखा चालतो आणि तापतो. बरोबर असेल तर काही वाजत नाही, नुसता चढतो.

खुशालराव पुस्तक घेऊन बसतो. "माय, इथं खूण देली हाये, खुनेवरच लावाची."

मी म्हणते, "पुस्तकानं कधी मोट हाकली काय?"

त्याला राघूचे इंजिन काढून पिठाची चक्की चालवायची आहे. त्याने ती दुसरे इंजिन आणून चालवावी, माझा आशीर्वाद आहे. पण गेल्या चैत्रात सून मनकर्णा माझ्याशेजारी बसली होती. चढाच्या निम्म्यावर तिने नुसता कान दिला आणि म्हणाली, "आत्याबाई, याले हाक उशिरा भेटून राहिली." मी तिला कधी मोटेची गोष्ट सांगितली नव्हती! तीही कोणाच्या तरी विहिरीवर उभी राहिलेली असणार. मी आनंदाने इतकी हसले की वांग्यांची पाटी सांडली. राघू मनकर्णेला. तिला भोंगा लागणार नाही, गळा आहे.

अट एकच. दसऱ्याला काडीवर काही अडकवू नये. माळ नाही, पिशवी नाही, छत्री नाही, नातवाचे टोपरे नाही.

कलम सहावे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे अर्जनवीस म्हणाला. म्हणून उत्तमरावांना साक्षीदार केले आहे.

मुक्काम वलगाव, तारीख १४ नोव्हेंबर १९३८. सही स्वतःच्या हाताने, अंगठा नाही:
गोदाबाई नत्थुजी मेहरे

साक्षीदार:
१. महादेवराव, शिक्षक, वलगाव. जोडाक्षरांपुरता जबाबदार.
२. उत्तमराव, बडनेरा. सही वाकडी आहे, मनगट वाकडे आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असे मास्तर म्हणाले, तरी दोनदा वाचला. इहीनबाई, मेल्यावर सांगाचं होतं तर मले आजच कावून बोलावलं? पाकळी पाह्यली. अकरा वर्सं मी त्या गरीब मानसाले शिव्या देल्या. आज इथंच जेवतो. भरीत करा, तिखट करा.

सह्या झाल्यावर वाढवलेले: उत्तमराव तीन भाकरी जेवले आणि पुंजारामला आणायला राघूत बसून बडनेऱ्याला निघाले आहेत. हँडल मनकर्णेने मारले. काडी मागे होती, मी स्वतः हात लावून पाहिली. येताना दोन जणांच्या जागेत तिघे कसे बसतील ते मला ठाऊक नाही, पण वजन वाढेल, तेव्हा मनकर्णे, पेढीच्या चढावर काडी थोडी मागे घे.