मिठाच्या शेताचं अक्षर

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहायला बसलेय, तेही एका चिनी अक्षरापायी. हसू नका! या आठवड्यात जे घडलं ते तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

आमचं पनवेलचं ऑफिस चीनहून यंत्रांचे सुटे भाग मागवतं. तिकडच्या लिनबाईशी मीच बोलते, इंग्रजीत. तिने पाठवलेल्या मालाच्या फोटोंवरची अक्षरं बघून वाटायचं, हे वाचतात तरी कसं? म्हणून सुकापूरहून संध्याकाळी कामोठ्याला चिनीच्या क्लासला जाते.

परवा मॅडमनी फळ्यावर 田 काढलं. थिएन, म्हणजे शेत. मी झटकन चौकोन काढला आणि आत उभी-आडवी रेघ मारली. मॅडम म्हणाल्या, "थांबा, थांबा! आधी आतलं भरायचं, खालची रेघ शेवटी. आत शिरल्याशिवाय दार लावतात का?"

पुन्हा पुन्हा गिरवलं. मग वहीकडे बघतच राहिले. बाबा, हे तर आपलं मिठागर! वरून बघितलं तर बांधांनी पाडलेले असेच चौकोन दिसत असतील ना?

"आता अक्षर वापरा," मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, "यात मीठ पिकवता येईल का?" त्या हसल्या. "शब्दच आहे तसा. यन म्हणजे मीठ. यन थिएन." आपण मीठ पिकलं म्हणतो, आणि समुद्रापलीकडच्या त्या माणसांनीही मिठाला शेतच दिलं! कसं सुचलं असेल त्यांना?

दुसऱ्या दिवशी कामाचं बोलणं संपल्यावर मी लिनबाईला ते दोन शब्द चिनीत लिहून पाठवले. खाली लिहिलं, 'माझे वडील अशा मिठाच्या शेतात काम करायचे.' पाठवल्यावर अक्षरं पुन्हा तपासली. काही चुकलं की काय? मग उत्तर आलं, 'माझे आजोबासुद्धा!' आणि लगेच प्रश्न: 'पाणी मिठाला तयार झालं हे तुमचे वडील कसं ओळखायचे?'

मला कुठे माहीत होतं? तुम्ही मला कधी आगरावर, त्या मिठागरावर, नेलंत? मागे लागले की म्हणायचात, "तू शालंन जा. आगरान तुजा काय काम नाय." काम नसेल बाबा, पण बघायचं तर होतं!

राहिली आई. पण तिला विचारायची भीती वाटत होती. आगरावर भराव पडला तेव्हापासूनच ती त्याबद्दल कमी बोलायची, तुम्ही गेल्यावर तर नावच काढत नाही. तरी भाजी निवडता निवडता विचारलं.

आईचे हात थांबले. "कोनाला पायजे?"

"चीनमधल्या एका बाईला."

"तिकरं पन आगर हाय?" तिने भाजी बाजूला सारली. मग हळूच म्हणाली, "पानी लालसर दिसाया लागला का तुजा बाप बोलायचा, आता धरंल मीठ."

मी तेच कळवलं. लिनबाईचं उत्तर आलं: 'आजोबा कमळाच्या बिया टाकायचे. बुडाल्या तर पाणी कच्चं, तरंगल्या तर तयार.'

"कायतरीच!" आई म्हणाली. पण सकाळी तीच म्हणाली, "बाजारान पूजेच्या दुकानान मिलतील बग बिया." आणल्या. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, बी टाकली. तळाला गेली. आई चमच्याने मीठ घालत होती, ढवळत होती, डोळे ग्लासाला लावून बसली होती. आणि बाबा, बी हळूच हलली, वर आली!

आईने टाळी वाजवली. किती दिवसांनी! मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "यांना दाखवाया पायजे होता गो." आणि मग दुपारभर ती आगराचंच बोलत होती. भरतीचं पाणी कसं आत घ्यायचं, तुम्ही मीठ ओढून गोळा करताना काय गुणगुणायचात! तुम्ही गायचात, बाबा? मला कधी ऐकू नाही दिलंत!

आता आईचाच प्रश्न आहे, लिनबाईसाठी: "तुमच्या बाया मीठ डोक्यावरशी न्यायच्या का खांद्यावरशी?" आईला आजच उत्तर हवंय. आणि हो, तुम्हाला शब्द देते: यापुढे लिनबाईला मी एकटी नाही लिहिणार. आई शेजारी बसेल, ती सांगेल, मी चिनीत लिहीन. येत नसेल ते अक्षर शिकून घेईन, पण तिचं एकही वाक्य गाळणार नाही.

तुमची,
मनीषा