बाटलीतली पाचवी पट्टी

काका, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मधल्या काळात तुम्हाला सांगण्यासारखं पुष्कळ घडलं, पण ते सगळं बरं होतं, आणि बरं काही सांगायला गेलं की तुम्ही "मगे?" एवढंच म्हणायचात. आज सांगायचंय ते तितकं बरं नाही, म्हणून लिहायला बसलोय. मुलुंडच्या पंपावर, माझ्या केबिनमध्ये, दुपारच्या वेळी. बाहेर गर्दी कमी आहे. टेबलावर तुम्ही दिलेलं पाच लिटरचं माप आहे. त्याच्या सरकारी शिक्क्याची मुदत कधीच संपली, त्यात मी आता पेनं ठेवतो.

ते माप पाहिलं की मला अंधेरीचा पंप आठवतो. तुम्ही तिथे मॅनेजर, मी पेट्रोल भरणारा, बावीस वर्षांचा, जिभेला हाड नसलेला. एक रिक्षावाला तेल कमी आलं म्हणून अडून बसला. मी त्याला म्हटलं, "मशीनला सरकारी सील आहे. शंका असेल तर दुसऱ्या पंपावर जा." तो काही हटेना, तेव्हा मी शहाणपणा केला. माप उचललं, केबिनच्या मागच्या मशीनवर गेलो, तिथे पाच लिटर काढलं आणि परत येऊन सांगितलं, "मोजलं. बरोबर आहे." तुम्ही काचेतून बघत होतात. तुम्ही बाहेर येता, माझ्या हातातलं माप घेता, रिकामं करता, आणि त्याच मशीनखाली, त्याच रिक्षावाल्यासमोर पुन्हा भरता. तेल मानेवरच्या रेषेच्या खाली थांबतं. फार नाही, बोटाच्या पेराएवढं. तुम्ही नोझल अडकवून ठेवता, मशीनपुढे ड्रम आडवा लावता आणि रांगेला सांगता, "हे बंद. तिकडे जा." मालक धावत आला, केवढा ओरडला. रविवारचा दिवस, दोन मशीनचा पंप, त्यातलं एक बंद. तुम्ही एवढंच म्हणालात, "मेकॅनिक येईपर्यंत बंद."

मला वाटलं, तेल कमी निघालं म्हणून आता मला ओरडा बसणार. पण ओरडा निराळ्याच गोष्टीचा होता. "मशीनीक सील सरकारचां, पण तोंड तुजां. गिरायक सीलाक ओळखणा नाय, तुका ओळखता. आणि माप आत जावन काढतंस? आत काढलेलां तां माप नाय रे मेल्या. भायर काढ, तेच्या फुड्यात." त्याच दिवशी तुम्ही मला जोगेश्वरीला घरी जेवायला नेलंत. काकूंनी बांगड्याचं तिखलं केलं होतं. मी मान खाली घालून जेवत होतो, तर काकू तुम्हाला म्हणाल्या, "पोराक इतकां बोललास काय, की जेवूक पण येना त्येका?" तुम्ही माझ्या पानात आणखी एक तुकडा वाढलात. विषय तिथे संपला.

पुढे मी पंक्चरचं दुकान टाकलं, मग टेम्पो घेतला, मग दोन, आणि शेवटी हा पंप. उद्घाटनाला तुम्ही कापडी पिशवीतून हे माप घेऊन आलात. लोकांनी गणपती दिले, घड्याळं दिली. तुमचं माप बघून कंपनीचा अधिकारी म्हणाला, "ह्याचा आता उपयोग नाही, नवीन शिक्क्याचं लागतं." तुम्ही म्हणालात, "ठाऊक असा." नवीन शिक्क्याचं माप आहेच माझ्याकडे. रोज सकाळी पंप उघडला की प्रत्येक मशीनचं पाच लिटर काढतो. बाहेर. कुणी बघो न बघो. एवढं मी सोडलेलं नाही.

तर आता मुद्द्याचं. हल्ली पंपावर लोक तेल भरताना वाद घालतात. तुमच्या वेळी भाव वाढला की शिव्या एकाच सरकारला पडायच्या, सोपं होतं. आता दिल्लीचा कर वेगळा, राज्याचा कर वेगळा, आणि कोण कुठल्या पक्षात आहे ते सकाळी पेपर बघितल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे एक निवृत्त बँकवाले स्कूटरवर येतात आणि एक टेम्पोवाला येतो. दोघांची वेळ जुळली की मी कान टवकारतो.

"राज्याने कर कमी करावा की! दिल्लीने मागे केला होता," बँकवाले म्हणतात.

"वा! आधी वाढवायचा, मग थोडा कमी करायचा, वर टाळ्या मागायच्या?" टेम्पोवाला म्हणतो. "तेल कंपन्यांवर लावा ना जादा कर. त्या कमावतायत तेव्हा कोण बोलत नाय."

"कंपन्यांवर लावला तरी तो शेवटी तुझ्याच टाकीतून जाणार रे बाबा."

"आणि कंपन्या पक्षांना देणग्या देतात, त्या कुणाच्या टाकीतून जातात, साहेब?"

"तुमच्या पक्षाला मिळाल्या नाहीत म्हणून बोलतोस!"

मागचा हॉर्न मारतो, तेव्हा हे थांबतात. मग दोघेही माझ्याकडे वळणार: "शेठ, तुम्हीच सांगा, जास्त कोण खातो?" मी हसून सांगायचो, "मी दोघांचाही वसुलीवाला. मला कशाला गोत्यात आणता?" पण रोज तेच तेच ऐकून मला एक कल्पना सुचली. भांडुपच्या पेंटरकडून एक फलक रंगवून घेतला. मोठी बाटली, तिच्यात चार रंगाच्या पट्ट्या: तेल आणि ते शुद्ध करून इथवर आणायचा खर्च, दिल्लीचा कर, राज्याचा कर, आणि सगळ्यात वर माझं कमिशन. फलक हवा भरायच्या जागेशेजारी लावला. काका, तुम्ही असतात तर खूश झाला असतात. लोक थांबून बघायचे. टेम्पोवाला म्हणाला, "शेठ, तुमची पट्टी तर शेवटचा घोट पिऊन उरल्यासारखी आहे!" मी छाती पुढे काढून फिरत होतो.

आठवड्याभरात एका पक्षाचा कार्यकर्ता आला. चहा घेतला, फलकाकडे मान वळवून म्हणाला, "दादा, दिल्लीच्या पट्टीला इतका भडक लाल कशाला? रक्त काढल्यासारखं वाटतं." दोन दिवसांनी दुसऱ्या पक्षाचा आला. "शेठ, राज्याची पट्टी बाटलीच्या फुगलेल्या भागात घेतलीय. मुद्दाम ना?" मी दोघांनाही सांगितलं, पेंटरकडे जो रंग उरला तो त्याने लावला. दोघेही हसले. दोघेही माझे दोस्त. आणि खरी गोष्ट इथेच सुरू होते.

पंपासमोर रस्त्याच्या मधोमध डिव्हायडर बांधायचं काम निघालं होतं. डिव्हायडर सलग झाला की पलीकडच्या बाजूने येणारं गिऱ्हाईक गेलं. पंप करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, अर्धा धंदा बसतो. नकाशात वळायला मोकळा सोडलेला कट शाळेसमोर होता, म्हणजे पोरांना रस्ता ओलांडायला जागा, वर सिग्नल. निवडणूक तोंडावर होती. त्या दोन कार्यकर्त्यांतला एक आरोग्य शिबिराच्या वर्गणीसाठी आला, दुसरा कार्यक्रमाच्या. मी दोघांनाही पाकीट दिलं. पावती कुणी दिली नाही, मी मागितली नाही. डिव्हायडरचं नावही आम्ही कुणी काढलं नाही, फक्त निघताना दोघांनीही रस्त्याकडे बघितलं. डिव्हायडर झाला, आणि कट बरोब्बर माझ्या पंपासमोर आला. शाळेची पोरं आता लांबून वळसा घालतात, नाहीतर डिव्हायडरवर चढून उडी मारतात.

त्या शाळेत क्लार्क असलेल्या एक बाई आहेत. गेली कित्येक वर्षं माझ्याच पंपावर स्कूटरमध्ये पेट्रोल भरतात. एका सकाळी हवा भरून झाल्यावर त्या फलकासमोर उभ्या राहिल्या. चांगल्याच मूडमध्ये होत्या. म्हणाल्या, "सगळ्यांच्या पट्ट्या आहेत की हो. पक्षांना जातं त्याची पट्टी कुठेय?" रांगेत हशा पिकला. बँकवाले होते, टेम्पोवाला होता. "हां शेठ, बोला, पाचवी पट्टी!" बाई हसत होत्या, पण नजर माझ्यावर होती. "तुम्ही दिलंय का कुणाला काही? कट तर झकास मिळालाय."

आणि मी म्हणालो, "बाई, इथे सगळं सरकारी नियमाने चालतं. शंका असेल तर वॉर्ड ऑफिसला जाऊन विचारा."

बोलून संपलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला. अंधेरीचा पंप, रिक्षावाला, मशीनला सरकारी सील. फक्त ह्या वेळी काचेमागून कुणी बघत नव्हतं. बाईंनी मान हलवली, स्कूटर सुरू केली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मी फलक उतरवून केबिनमागे टेकवून ठेवला. पोरांना सांगितलं, भाव बदललेत, पट्ट्या नव्याने रंगवायच्यात.

मग शाळेच्या पालकांनी कटाबद्दल बैठक बोलावली. शाळेच्या हॉलमध्ये, शनिवारी सकाळी. दोन्ही पक्षांचे लोक व्यासपीठावर. पहिला अर्धा तास ते कशावर भांडले सांगू? पेट्रोलच्या करावर. कुणाच्या राज्यात कर वाढला, कुणाला तेलवाल्यांनी किती देणग्या दिल्या, हिशेब कोण देत नाही. डिव्हायडरचा विषय बाजूलाच राहिला. शेवटी एक आई उठून म्हणाली, "अहो, माझं पोर रोज उडी मारतं, त्याचं बोला." तेव्हा मी उठलो. म्हटलं, "कट शाळेसमोर न्या. माझ्या धंद्याचं मी बघतो. माझी हरकत नाही."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. खरंच पडल्या, काका. व्यासपीठावरच्या दोघांनाही हायसं वाटलं. माझ्या तोंडून आलं म्हणजे त्यांना कुणाचं तोंड चुकवायला नको. अर्ज लिहिला गेला, सगळ्यात वर माझी सही. कट हलला. आता शाळेसमोर सिग्नल आहे, पोरं सरळ ओलांडतात, आणि माझा पलीकडचा धंदा बसला. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही, पंप चालतोय. पालकांनी मला शाल आणि श्रीफळ दिलं. मुख्याध्यापक म्हणाले, अशी माणसं हल्ली राहिली नाहीत. मी मान झुकवून शाल घेतली. क्लार्क बाई मागच्या रांगेत होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, पण इतरांपेक्षा थोड्या उशिरा.

ती पाकिटं दिली होती हे मी सांगितलं नाही. सांगायला काय लागलं असतं? दोन वाक्यं. व्यासपीठावरचे दोघे उठून गेले असते, पुढच्या परवान्याला फेऱ्या मारायला लागल्या असत्या, शाल मिळाली नसती. तेल भरून दिलं, रेषेपर्यंत भरलं, पण ते आत मोजलं. तुम्ही असतात तर शालीकडे बघून "मगे?" म्हणाला असतात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, घडी करून मापातच ठेवीन, पेनांच्या खाली. पण एक लिहायचं राहिलं. परवा बाई पेट्रोल भरायला आल्या. सकाळचं पाच लिटर काढत होतो, त्या थांबून बघत राहिल्या. बरोबर भरलं. मग हवा भरायच्या जागेकडे, रिकाम्या खिळ्यांकडे बघून म्हणाल्या, "फलक रंगवून झाला नाही अजून?"

मी म्हटलं, "पेंटर गावाला गेलाय."

पेंटर गावाला गेलेला नाही, काका. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मीच त्याला बोलावून सांगितलं होतं, बाटलीत आणखी एक पट्टी घ्यायची आहे. तो काल हवा भरायला आला होता. पट्टीला रंग कुठला आणि तिच्यावर लिहायचं काय, हे त्याने दुसऱ्यांदा विचारलं. मी त्याला चहा पाजून परत पाठवला.