कोऱ्या चेहऱ्याचा देवदूत

प्रिय फुल्वियो,

माझं चित्र नगरभवनात लागलं. आपल्या चॅपलवरूनच सुचलेलं, पण त्यात ना देव ना माणूस. भिंतीवरची जुनी चित्रं दुरुस्त करताना उडालेल्या जागी तू ओढायचास तशा बारीक उभ्या रेघा, आणि मधोमध गिलाव्याच्या रंगाचा कोरा तुकडा. पाववाला उगो म्हणाला, "ओर्नेला, उरलेलं कधी काढणार?" मी नुसती हसले.

तो तुकडा कसला, हे तुला सांगायला नको. तू चॅपलच्या भिंतीवरचे काजळीचे थर काढलेस आणि आत देवदूत सापडला, पण त्याला चेहराच नाही. ठाऊक नाही ते मनानं रचायचं नाही, हा तुझा हट्ट, म्हणून जागा कोरी ठेवलीस. गावानं खापर तुझ्यावरच फोडलं: सहाशे वर्षं टिकलेला चेहरा ह्याच्या काजळी काढायच्या औषधानं खाल्ला! तू तोरिनोला निघून गेलास, त्याला नऊ वर्षं झाली. एकाही सणाला आला नाहीस.

काल एर्सिलियाआजी काठी टेकत चित्रापुढे आली. कोऱ्या तुकड्याकडे बघता बघता एकदम रडायलाच लागली. "हा आपला देवदूत गं. ह्याचं तोंड मीच खरवडलंय, सैतान समजून!"

आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे. चर्चमधल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी पोरांच्या हाती घराची किल्ली द्यायची आणि भिंतीवरच्या सैतानाचे डोळे खरवडायला लावायचे. खरा सैतान दाराशीच होता, पण मेणबत्त्यांच्या काजळीनं सगळ्यात काळा झालेला हा, म्हणून आम्ही पोरं ह्यालाच सैतान समजलो! उगो कान खाजवत म्हणाला, "नाक माझ्या किल्लीनं गेलं." सगळे हसायला लागले, मग एकेक जण कबुली देत गेला. फुल्वियो, मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

कारण डोळे मी खरवडले होते. काजळी निघाली त्याच दिवशी, मी खरवडलेला तो हाच, हे मी ओळखलं होतं, आणि तुला शिव्या बसत असताना तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. तुला तोंडानं सांगायची हिंमत नव्हती म्हणून चित्र काढलं. काल मात्र सगळ्यांसमोर बोलले. माझ्यावर हवं तेवढं रागाव, पण देवदूताच्या सणाला घरी ये. एर्सिलियाआजी म्हणते, "चॅपलची किल्ली आता फुल्वियोकडेच. आमच्या हाती किल्ली बरी नाही."

तुझीच,
ओर्नेला