मुराल्योने घाट आणि गळा आवळलेली गाडी

फाएन्झा, ३ मार्च

स्वस्ति श्री अखिल-पोर्तिको-ग्राम-भूषण, शिरस्त्राण-मंडिता, चर्महस्तक-धारिणी, पंचविंशत्यधिक-शत-घन-द्विचक्रारूढा, मर्यादित-अनुज्ञापत्र-स्वामिनी, चिरंजीव इलेनिया हिस, फाएन्झा-नगरीच्या वाहनचालन-पाठशाळेचे सिद्धांताचार्य, फळा-खडू-अधिपती, मामा ओबेरदान यांजकडून अनेकोत्तम आशीर्वाद. येथील क्षेम यथास्थित. तेथील क्षेम तुझ्या आईने दूरध्वनीवरून रडत रडत कळवले आहे, म्हणून वेगळे विचारत नाही.

लोरेत्ताचे रुदन दोन प्रकरणांत विभागलेले होते. प्रथम प्रकरण असे की जूनपासून तू घाटापलीकडे, सान गोदेन्झोला, चीज बनवणाऱ्या बाईंकडे कामाला जाणार आणि रोज पहाटे मुराल्योने घाट ओलांडणार. यात अश्रुपात कशासाठी, हे मला उमगले नाही. आपल्या कुटुंबात पहाटे उठणारे माणूस जन्माला आले, हा खरे तर घंटानादाचा विषय. द्वितीय प्रकरण मात्र गंभीर. तुझ्या शंभर-पंचवीस सीसीच्या दुचाकीला घाट चढवत नाही, म्हणून तू मोठी गाडी घेणार आणि तीही देनिसची. देनिस हा माझा सख्खा पुतण्या व तुझा मामेभाऊ असल्याने मी सौम्य शब्दच योजतो: तो गाढव आहे.

ते यंत्र मी पाहिले आहे. ते इतके लाल आहे की नुसते उभे असतानाही त्याला दंड व्हावा असे वाटते. त्याच्या धुराड्याला दोन तोंडे, देनिसला एक, आणि तिन्ही एकाच वेळी चालतात. तो म्हणे तुला पटवतो आहे की इंजिनाच्या घशात एक चकती बसवायची, म्हणजे बळ निम्म्याहून कमी होते. दोन वर्षांनी पूर्ण परवाना हाती आला की चकती काढून फेकायची. एकदाच खरेदी आणि जन्माची मौज!

कन्ये, तुझ्या परवान्याची मर्यादा पस्तीस किलोवॅट. गळा आवळून पस्तीसवर आणलेली गाडी कायद्याला चालते, परंतु तिचे जन्मजात बळ सत्तरच्या वर असता कामा नये. देनिसच्या राक्षसाचे जन्मजात बळ ऐंशीच्या पुढे आहे. त्याच्या घशात चकती काय, अख्खे जाते कोंबले तरी तुझ्यापुरता तो निषिद्धच. हा नियम मी प्रतिवर्षी फळ्यावर लिहितो, आणि प्रतिवर्षी शेवटच्या बाकावरचा एखादा देनिस जांभई देतो.

माझा निर्णय ऐक: मोठ्या चाकांची स्कूटर घे. पाय कोरडे राहतात, आसनाखाली शिदोरी मावते आणि कोणीही वळून पाहत नाही, हा तिचा सर्वोच्च गुण.

लोभ आहेच, तो चढावर कमी होऊ नये, इतकेच मागणे.

तुझा शास्त्रसंपन्न मामा

पोर्तिको, ९ मार्च

ती. मामास इलेनियाचा सा. न. वि. वि.

तुझ्या पदव्यांची वरात आमच्या दारातून आत येईपर्यंत आईची कॉफी गार झाली. तू फोन उचलत नाहीस आणि निरोप ऐकत नाहीस, म्हणून मलाही शाईने बोटं माखून घ्यावी लागताहेत.

स्कूटरचं म्हणशील तर आभार. गुडघे जुळवून, पाठ ताठ करून, प्रार्थनेला निघालेल्या मावशीसारखी मी घाट चढावा आणि मागच्या ट्रकने भोंगा वाजवावा, हे चित्र तुला फार आवडलेलं दिसतं. तूच घे की. तुझ्या वयाला शोभेल.

तुझा नियम मी देनिसला सांगितला. तो खो खो हसला. म्हणाला, काकांची पुस्तकं बैलगाडीच्या काळातली आहेत, रस्त्यावर बळ मोजायला काटा घेऊन कोण बसलंय. आणि त्याच्या ओळखीच्या निम्म्या पोरांनी अशाच गाड्या दडपून चालवल्या. पुढे म्हणाला की काकांनी आयुष्यात पन्नासच्या मोपेडवर ब्रेड आणण्यापलीकडे काही चालवलेलं नाही, मग त्यांचं काय ऐकायचं. हे शेवटचं मी खोडून काढणार होते, पण मामा, मला काही आठवेना.

आता थट्टा पुरे. त्या चीजवाल्या सिन्योरा आर्मीदाकडे मी परवा जाऊन आले. बाई बारीक, हात लाकडासारखे. म्हणाली, तुझ्याआधी दोघी आल्या होत्या; एकीची बस चुकायची, दुसरीला घाटात बर्फ दिसायचा, आणि दूध काही कोणासाठी थांबत नाही. स्वतःच्या चाकांवर वेळेत आलीस तर काम शिकवीन आणि पुढेमागे भट्टी तुझ्या हाती देईन. नाही आलीस तर कारण सांगायलाही येऊ नकोस. मामा, मला ते काम हवंय. पीचच्या वखारीत फळांवर चिकटपट्ट्या लावत म्हातारी व्हायचं नाहीये मला. आणि माझी शंभर-पंचवीस घाटात आजारी बकरीसारखी कण्हते. गाडी मोठीच हवी, आणि देनिसची समोर उभी आहे. एकोणीस तारखेच्या रविवारी घाटमाथ्यावर जाऊन चालवून पाहणार आहे.

रागावलास तरी लिहीत राहा. तुझं रागावणं आईला मोठ्याने वाचून दाखवते; तेवढ्यापुरतं तिचं रडणं थांबतं.

तुझी, स्कूटरविरोधी भाची

फाएन्झा, १५ मार्च

चि. इलेनिया हिस अनेक आशीर्वाद, आणि एक अर्धा आशीर्वाद राखून ठेवला आहे. तो रविवारचा वृत्तांत पाहून पाठवीन.

मोपेडच्या उल्लेखाकडे मी धर्मगुरूने शिंकेकडे करावे तसे दुर्लक्ष करतो. ज्योतिर्विदाला चंद्रावर जाऊन यावे लागत नाही.

घाटमाथ्यावरील उपाहारगृहाची कीर्ती माझ्या कानी आहे. रविवारी तेथे चामड्याच्या कपड्यांतील विद्वत्परिषद भरते. कोणी आले की परिषद त्याच्या मुखाकडे पाहत नाही. उकिडवी बसते आणि टायरच्या कडा तपासते. कडेपर्यंत रबर झिजलेले असेल तर तो शूर, कारण तो वळणावर गाडी जमिनीला टेकेस्तोवर कलवतो. कडेला कोरे रबर राहिले असेल तर तो भेकड, आणि त्याने कॉफी बाहेर उभ्याने प्यावी. मनुष्याची योग्यता रबराच्या दोन बोटांच्या पट्टीवरून ठरवणारी ही संस्कृती ज्या प्रांतात फोफावली, त्याच प्रांतात मी नियम शिकवतो. माझ्या धैर्याचे मोजमाप कोणी करील काय?

परंतु त्याच घाटमाथ्यावर रविवारी काराबिन्येरी पोलीसही उभे असतात, आणि त्यांना काट्याची गरज नसते. वाहनाच्या नोंदणीवर जन्मजात बळ छापलेले असते. तुझा परवाना आणि ती नोंदणी त्यांनी शेजारी शेजारी धरली की परवाना गेला. परवाना गेला की आर्मीदाबाईंकडची तिसरी मुलगीही गेली. आणि वळणावर कोणाला धक्का लागला, तर विमा कंपनी सुस्मित वदनाने हात झटकील. देनिस त्या दिवशी तुला पाठीवर घेऊन घाट ओलांडणार असेल, तर माझी हरकत नाही. गाढवाचा तो शास्त्रोक्त उपयोग आहे.

हे वाक्य लोरेत्ताला वाचून दाखवू नकोस. बाकी सर्व दाखव.

मायेची टाकी भरलेली आहे, तूर्त झाकण घट्ट आहे.

मामा

पोर्तिको, २० मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

तुझा अर्धा आशीर्वाद पाठवून दे. जिवंत आहे.

काल वर गेले तेव्हा परिषद भरलेलीच होती. माझ्या शंभर-पंचवीसच्या कडा पाहून एका ढेरपोट्याने विचारलं की ताई, ही गाडी देव्हाऱ्यात ठेवता का. मग देनिस आला. सगळे उकिडवे बसले आणि वा वा करत उठले. त्याचं रबर दोन्ही बाजूंना अगदी कडेपर्यंत झिजलेलं. ढेरपोट्याने त्याच्या पाठीवर थाप मारली, कॉफी आणली, आणि आपला देनिस फुगून कोंबडा झाला.

परिषदेसमोर नको म्हणून आम्ही मागच्या बंद वाटेवर गेलो. ती वाट एका शेतकऱ्याची आहे. चकती देनिसने आधीच बसवून आणली होती. मामा, गाडी चालते, पण कशी? निम्मं बळ चकतीने खाल्लेलं, वजन मात्र पूर्ण. चढावर मूठ पिळली की आतून नुसता हुंकार, आणि खाली दोन माणसांचं ओझं. पहिल्याच आखूड वळणावर वळवून थांबवायला गेले, तर पाय जमिनीला पुरेना. मी आणि गाडी, आम्ही दोघी हळूच, अगदी सभ्यपणे आडव्या झालो. मला काही झालं नाही. आरसा मोडला.

उचलताना माझा हात मागच्या टायरच्या कडेवर पडला. रस्त्याने झिजलेलं रबर कसं असतं ते मला माहीत आहे, मऊ आणि गोळ्या गोळ्या आलेलं. हे खरखरीत होतं, एकसारख्या बारीक रेघांचं. आसन उचकटलं होतं, आणि त्याच्या खाली कापडात गुंडाळलेली सुताराची कानस होती.

मी कानस त्याच्यासमोर धरली. तोच बोलायला लागला. ऑक्टोबरमध्ये त्याच वळणांत पडला होता, घरी कोणाला कळू दिलं नाही. तेव्हापासून वळणावर गाडी कलवायला धजत नाही, म्हणून कडा कानसेने घासतो. पण त्याच्या बाबांनी, लेआर्कोमामाने, गाडी वाढदिवसाला दिलेली, सगळ्या गल्लीत मिरवलेली; विकतो म्हणून कसं सांगणार? बहिणीला कामासाठी दिली, एवढंच एक सन्मानाचं दार त्याला दिसलं. रडला नाही, पण नाक फार वेळ पुसत होता. म्हणाला, काकांना सांगू नकोस, ते माझ्यावर श्लोक करतील.

तर मी तुला सांगतेय, आणि विनंतीही करतेय. ईस्टरच्या जेवणाला त्याच्यावर एक शब्दही काढायचा नाही. तुझ्या जिभेला हे किती जड जाईल ते मला ठाऊक आहे.

गाडी मी निवडली आहे, आणि ती ना त्याची ना तुझी. आपल्या निवृत्त सुईणबाई एव्हेलिना त्यांची पाचशेची विकताहेत. जन्मजातच पस्तीस, घशात काही नाही, माझे दोन्ही पाय सपाट टेकतात. रंग मसुरीच्या सूपसारखा. परिषद तिच्याकडे उकिडवी काय, उभ्यानेही बघणार नाही. दोन वर्षांनी पूर्ण परवाना मिळाल्यावर मोठी घ्यावीशी वाटली तर तेव्हा बघू.

आणखी एक. तू गाडीवर हसतोस, स्वारावर हसतोस, न चालवणाऱ्यावरही हसतोस. मग ईस्टरच्या सोमवारी माझ्या मागे बस आणि आर्मीदाबाईंपर्यंत चल. फळा घरी ठेव.

माया राहू दे, आणि कमरेला धरायला जागाही आहे.

इलेनिया

फाएन्झा, १२ एप्रिल

श्रीमन्मसूर-वर्ण-पंचशत-घन-वाहिनी-सारथी चि. इलेनिया हिस, भूतपूर्व निर्भय मामा ओबेरदान यांजकडून अनेकोत्तम आशीर्वाद, मागील अर्धा धरून.

प्रथम ईस्टरच्या भोजनाविषयी. थोरले बंधू लेआर्को यांनी सूप येताच आरंभ केला: माझ्या मुलाचे टायर पाहा, कडेपर्यंत, कडेपर्यंत! ते दोनदा म्हणाले. मग शेजारच्यांना अंगणात नेऊन दाखवले आणि परत येऊन तिसऱ्यांदा म्हणाले. देनिस ताटात डोके घालून बसला होता. त्या क्षणी माझ्या जिभेवर तीन वाक्ये सज्ज उभी होती. त्यांतील दुसरे तर माझ्या कारकिर्दीतील सर्वोत्कृष्ट ठरले असते. मी तोंडात सूपमधल्या भरल्या कॅप्पेलेत्ती कोंबत राहिलो. लोरेत्ताने विचारले की तुला बरे वाटत नाही का. यतिधर्म याहून कठीण असेल असे मला वाटत नाही. निघताना देनिसने माझा कोट धरला आणि बटण लावून दिले, जे त्याने लहानपणापासून कधी केलेले नाही. बंधूंना त्याने येत्या रविवारी स्वतःच सर्व सांगायचे ठरवले आहे, असे तो जिन्यात पुटपुटला. माझ्याकडून त्याला आता एवढेच सांग की गाढव हा शब्द मी तूर्त मागे घेतो.

आता सोमवार. तुझ्या वाहनाच्या सौंदर्याविषयी बोलणे म्हणजे धुलाईयंत्राच्या सौंदर्याविषयी बोलणे होय. आपल्याला सर्वांनी ओलांडले. ढेरपोट्यांनी ओलांडले, सायकलवाल्याने उतारावर ओलांडले, आणि माझी खात्री आहे की एका पाद्र्यानेही ओलांडले. तू कोणाच्याही मागे लागली नाहीस, हे मी दोष म्हणून नोंदवलेले नाही. प्रत्येक वळणापूर्वी वेग उतरवलास, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवलीस. माझ्या पाठशाळेच्या पुस्तकातील सत्ताविसाव्या धड्यात हेच लिहिले आहे, परंतु तो धडा डोळे मिटून असा सोसावा लागतो, हे त्यात कोणी लिहिलेले नाही.

घाटमाथ्यावर काराबिन्येरींनी हात केला तेव्हा मीच घाबरलो. त्यांनी परवाना आणि नोंदणी शेजारी शेजारी धरली, खाली-वर पाहिले, आणि सर्व ठीक म्हणून परत दिली. मग तो तरुण अधिकारी तुला हळूच विचारू लागला की मागच्या गृहस्थांना उलटी तर होत नाही ना. मी कायद्याचा आचार्य आहे, असे मी त्याला सांगितले असते, पण दातखीळ बसलेली होती.

आर्मीदाबाईंनी गाडीकडे पाहिले नाही, टायरकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. दाराबाहेर येऊन घड्याळ पाहिले, तुला म्हणाल्या की जूनच्या पहिल्या तारखेला याहून दोन तास आधी ये आणि एप्रन घेऊन ये. बस. तू परतताना शिरस्त्राणात गात होतीस. सूर अत्यंत वाईट होता. मी तो थांबवला नाही.

लोभाचा साठा वाढला असून तो घाटापलीकडेही पोचता केला जाईल.

तुझा सहप्रवासी मामा

ता. क. तुझ्या गाडीच्या मागच्या बैठकीचे पायटेकू कोणा बालकासाठी बनवले आहेत काय? संपूर्ण घाट माझे गुडघे माझ्या कानांशी हितगुज करीत होते, आणि आज मला जिना उतरताना उलटे उतरावे लागते. मेकॅनिकला विचारले, तर तो म्हणतो की या गाडीला ते खाली घेता येत नाहीत. मग पुढच्या रविवारी मी पाय ठेवायचे तरी कोठे?