मोठ्याने म्हणायची प्रार्थना

४ फेब्रुवारी

चि. तत्त्वज्ञ धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आईच्या घशाची गाठ काढली, पण तिचा आवाजही गेला. घरी आणलंय. बोलायचं ते पाटीवर लिहिते. डॉक्टर नजर चुकवतात, म्हणजे काय ते समज.

खरी अडचण वेगळीच आहे. तिची संध्याकाळची प्रार्थना तुला ठाऊकच आहे. मनातल्या मनात म्हटलेली पोचत नाही, हा तिचा जुना हट्ट. काल तिने लिहिलं, की आता माझ्याऐवजी तू म्हण. दिवसभर दुकानांतले तराजू तपासणारी मी, खोटं वजन मला खपत नाही. देव नाही, हे तिच्यासमोरच शंभरदा बोलून बसले आहे. तू कॉलेजात हेच शिकवतोस ना? मग सांग, काय करू?

बाबा बरे आहेत. चहावर चहा चालू असतो.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून सवयीप्रमाणे विचार करत बसलो. देव नाहीच असं तू मानतेस, म्हणजे नास्तिक. तो आहे की नाही हे माणसाला कळणारच नाही, असं मी म्हणतो. त्याला अज्ञेयवादी म्हणतात. तू कुंपणावरचा म्हणतेस. बाबांचं तिसरंच. जन्मभर लिफ्ट बसवल्या त्यांनी. बसवणारा ती चालू करून निघून जातो, मग कितीही बटणं दाबा, तो येत नाही. देवही तसाच, असं त्यांचं मत. म्हणजे निदान कोणीतरी आहे असं मानणारे तेच. प्रार्थना त्यांनी म्हणावी. मी म्हटली तर अर्धी खोटी होईल. पेपर तपासून झाले की निघतोच.

शब्दांचा कीस पाडतोय असं वाटलं तर कान धर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तू येऊन गेलास तेव्हा हे सांगायला तोंड उघडलं नाही. तुझं पत्र मी आईच्या खाटेशीच बाबांना वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, पोरगा बरोबर बोलतोय, पण जो ऐकतच नाही त्याच्याशी बोलायचं म्हणजे हिला फसवणंच. किती खरी रे माणसं आपण तिघं. आईने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. पाटी पुसून लिहिलं, की राहू दे, तुम्हाला नाही जमायचं. मग भिंतीकडे कूस वळवली. सकाळी ती गेलेली होती. तू पोचलास तो तिच्या दिवसांनाच.

चारच ओळी होत्या रे. म्हटल्या असत्या तर माझं काय जाणार होतं? मला माझाच राग येतो, आणि थोडा तुझाही.

आता बाबा रोज संध्याकाळी तिच्या रिकाम्या खाटेशी बसून तीच प्रार्थना म्हणतात, मोठ्याने. त्यांना धड पाठ नाही. अडले की पुढची ओळ मी स्वयंपाकघरातून सांगते.

सुट्टी मिळाली की ये. राग धरू नकोस.

तुझी,
ताई