माती पुरत नाही

शनिवार, १४ जून
आमच्याच बागेत कशाला, हे मी उत्खननवाल्या इमोजेनला तोंडावर विचारलं. गावात चाळीस बागा आहेत. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची हिरवळ मिळाली, येऊन आठवडा झाला नाही, आणि ही बाई जुनं गाव शोधायला तिथंच मीटरभराचा चौकोन पाडणार. पण माझ्या नवऱ्याने, विल्फने, आधीच हो म्हणून ठेवलेलं. छातीच्या दुखण्यानंतर तो पहिल्यांदा हसला, म्हणून गप्प बसले. ऊनही छान होतं. दहा-दहा सेंटीमीटरचा थर काढायचा, चाळायचा, चाळलेली माती ताडपत्रीवर टाकायची. चिलमीचे तुकडे निघाले, मेंढीचा दात निघाला. खणायला आलेल्या सगळ्यांना पोर्क भरलेली पेस्ट्री खाऊ घातली.

रविवार, १५
मीटरभर गेलो तरी खालची, माणसाचा हात न लागलेली पिवळी माती लागेना. इमोजेन म्हणाली, थांबा, बुजवा. म्हणे बुजवल्यावर माती नेहमी उरतेच. इथं ताडपत्री झटकली तरी खड्डा गुडघाभर रिकामा. तिने कागदावर आकडा लिहिला, खोडला, परत लिहिला आणि गाडीत बसून गेली.
शेजारचा म्हातारा थर्टल कुंपणावरून बघत होता. म्हणाला, "इथं आम्ही बटाटेसुद्धा कुंडीत लावतो, पोरी."
कालच का नाही सांगितलंत, म्हटलं.
"तू विचारलंस कुठं?"

सोमवार, १६
दुकानातून मातीच्या बारा गोण्या आणून ओतल्या. तरी खड्डा आता कमरेइतका खोल.

मंगळवार, १७
सकाळपासून गाव येतंय. प्रत्येकाची ढकलगाडी, त्यात आपापल्या बागेतली माती. ओततात, वाकून बघतात, जातात. चहा विचारला तर कोणी घेईना. विल्फ काठाशी खुर्ची टाकून बसलेला. म्हणतो, "बाईसाहेब, आता थोडंच कमी आहे." दंडाला धरून घरात आणला. हात गार होता.

बुधवार, १८
आज कोणी माती आणली नाही. नुसतेच आले. खड्ड्याकडे बघतात, मग विल्फकडे — डोक्यापासून पायापर्यंत, शिंप्याने माप घ्यावं तसं. फावडं उगारलं तेव्हा हलले. सामान बांधलंय. उद्या सकाळच्या बसने —

गुरुवार, १९
विल्फ नाही. दाराशी बूट घालत होता, मी पिशवी आणायला वळले तेवढ्यात —
खड्डा भरलाय. हिरवळ सपाट. वर टोपलीभर माती उरलीय.
थर्टल म्हणतो, झालं ना, आता उकरू नकोस. माझं फावडं घेऊन गेला.
पोलीस म्हणतात, नवरे जातात सोडून.

शुक्रवार, २०
गवताला कान लावला. आत —
इमोजेनला चिठ्ठी लिहिली, तीच इथं उतरवते. बाई, त्या कागदावर माती किती कमी लिहिलीत ते सांगा — एका माणसाएवढी? रविवारी सकाळी दहापर्यंत माणसं आणि फावडी घेऊन या. नाहीतर मी हातांनी उकरणार. येताय की नाही, तेवढं रविवारच्या आत —