फ्रीगंजच्या क्वार्टरातून अक्कांना

उज्जैन,
रविवार, ६ जुलै १९५८

तीर्थस्वरूप अक्कांस,

सुमनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही सगळे इथे बरे आहोत. तुमचे गुडघे बडोद्याच्या हवेत कसे आहेत ते लिहा. नारायण तेल सोबत नेलंत की धारलाच राहिलं? यज्ञेश्वर भाऊजींना आणि त्यांच्या घरच्यांना आमचा नमस्कार सांगा.

आधी चांगली बातमी. मी एम. एड. पास झाले. वर्ग दुसरा मिळाला, पण शालेय प्रशासनाच्या पेपरात आमच्या तुकडीत माझे गुण सगळ्यांत जास्त आहेत. त्याच जोरावर इथल्या मुलींच्या मिडल स्कूलमध्ये प्रधानाध्यापिका म्हणून नेमणूकही झाली. शाळेतल्या मुली आणि चपराशी मला ‘बड़ी बहनजी’ म्हणतात. पहिल्या दिवशी मी मागे वळून पाहिलं, की ही कोण बड़ी बहनजी आली! फ्रीगंजमध्ये क्वार्टर मिळालाय. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे छोटं अंगण आणि नळ घरातच. ह्यांचाही तबादला धारहून इथल्या ट्रेझरीत झाला. जयंत भाऊजी इंदूरला होस्टेलात राहतील. म्हणजे सगळं मार्गी लागलं.

अक्का, हे सगळं तुमचं आहे. हे तोंडावर सांगायला मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते.

मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश झाला तेव्हा कोणाचं नाव कुठल्या यादीत, कोण भोपाळला जाणार, कोणाला आणखी कुठे टाकणार, याच काळजीत सगळी नोकरमाणसं होती. त्यात मला शिकायला उज्जैनला जायचा हुकूम आला. पदरात जयू, सव्वा वर्षाची. मी नकाराचा अर्ज लिहायला बसले होते. तुम्ही परातीत कणीक मळत होता. कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आलात आणि म्हणालात, “नाही म्हणायचं नाही. मला चौथीतून काढलं तेव्हा माझ्या बाजूने बोलायला घरात कोणी नव्हतं. तुझ्या बाजूने मी आहे.” मी म्हटलं, “आणि जयू?” तुम्ही म्हणालात, “तिच्याही बाजूने मीच आहे. जा तू.”

इतकं सोपं करून टाकलंत.

इथे आमच्या वर्गात सगळे नोकरीतलेच मास्तर होते. बायका दोनच. पुस्तकं इंग्रजी, व्याख्यानं अर्धी हिंदीत, आणि माझी हिंदी तुम्हाला ठाऊकच आहे. प्रशासन शिकवायला भय्यासाहेब होते, जुने ग्वाल्हेरचे. ते म्हणायचे, “हेडमास्तरने खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवावी. कोण आत येतं ते दिसतं, आणि कोण यायचं थांबलं तेही कळतं.” मुलांची गळती, शिक्षकांची भांडणं, पालकांच्या तक्रारी, एकेका गोष्टीवर ते आम्हाला वाद घालायला लावत. इतकी वर्षं मी वर्गाच्या चार भिंतींत शिकवलं. पूर्ण शाळा म्हणजे काय, ते मला इथे कळलं.

फेब्रुवारीत प्रत्येकाला एकेक शाळा काही दिवस चालवायला दिली होती. माझ्याकडे आली तीच ही शाळा. तिथे शोभा बहनजी म्हणून एक शिक्षिका रोज उशिरा यायच्या. दुसऱ्या शिक्षिका चिडलेल्या. “एकीला माफ, तर आम्हालाही माफ करा,” म्हणायच्या. मी शोभा बहनजींना बोलावून घेतलं आणि कडकच आवाजात विचारलं. त्या उभ्याउभ्या रडायला लागल्या. “क्या करूँ, मुन्ना छोड़ता ही नहीं। पल्लू पकड़कर दरवाज़े तक घिसटता आता है।”

मी टेबलावरचं हजेरीपुस्तक मिटलं. त्यांना वाटलं, मी रागावले. मी मुन्नाला सोबत आणायला सांगितलं. नकाशे ठेवायची खोली रिकामी करून घेतली, सतरंजी टाकली. आणखी दोघींनी आपली मुलं आणली. शाळेतली आया त्यांच्यावर लक्ष ठेवते आणि घंटेला सगळ्या हजर असतात.

तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी यावरच मला धरलं. “शिक्षिकेच्या घरात डोकावणं हे प्रधानाध्यापिकेचं काम आहे का?” मी म्हटलं, “सर, माझं घर कोणीतरी सांभाळलं म्हणून मी आज तुमच्यासमोर उभी आहे. सगळ्यांच्या घरी तशी नणंद नसते.” भय्यासाहेब खिडकीबाहेर पाहून हसले.

त्या परीक्षेहून मी खुशीत खोलीवर आले, तर ह्यांचं पत्र आलेलं. “अक्का बडोद्याला गेली.”

इतकं लिहिलं आणि जयूबद्दल अजून नीटसं काहीच लिहिलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आता लिहिते.

एप्रिलमध्ये लेखी परीक्षा संपवून मी धारला आले तेव्हा तिला ताप होता. दुपारची वेळ. तुम्ही स्वयंपाकघरात, मी तिच्या उशाशी. तिने झोपेतच “आई” म्हणून हाक मारली. मी वाकून तिच्या कपाळावर हात ठेवला. तिने डोळे उघडून पाहिलं, माझा हात बाजूला केला आणि परत “आई, आई” सुरू. जयंत भाऊजींचं ऐकून ती मला वहिनीच म्हणते. आई म्हणजे तुम्ही.

तुम्हाला ती हाक ऐकू गेली होती. स्वयंपाकघरातली भांडी एकदम थांबली ते मला कळलं. तरी तुम्ही बाहेर आला नाहीत. ती रडून रडून थकेपर्यंत आला नाहीत. मला ती घेता यावी म्हणून तुम्ही आत तशाच उभ्या राहिलात. मग मीच तिला उचलून तुमच्या कडेवर आणून दिली. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, “तुझीच आहे गं. मी आपली राखणदार.”

मला त्या दिवशी फार लागलं, अक्का. तुमच्यावर राग नव्हता, पण हेवा वाटला, अगदी पोटातून वाटला. ज्या माणसाचे उपकार मानायचे त्याचाच हेवा वाटावा, याची लाजही वाटली. तुम्ही माझा चेहरा वाचलात. म्हणूनच मी उज्जैनला परत आल्यावर तुम्ही ह्यांना म्हणालात, “मी इथे असेपर्यंत पोर आईकडे जायची नाही. मला बडोद्याच्या गाडीत बसवून दे.” हे नको नको म्हणत राहिले, तुम्ही ऐकलं नाहीत. वीस वर्षांत ज्या सासरचा उंबरा चढला नाहीत, तिथे दिरांकडे गेलात. कोणासाठी गेलात ते मला समजलं. तेव्हा, खरं सांगू, मला बरंही वाटलं. वाटलं, आता होईल ती माझी.

जूनमध्ये जयूला इथे आणलं. शहाण्यासारखी राहते. दिलं ते खाते, झोप म्हटलं की झोपते. रडत नाही. शेजारच्या माई म्हणतात, “किती समजदार बच्ची आहे हो तुमची!”

गेल्या सोमवारी तिला घेऊन रामघाटावर गेले होते. यात्रेकरूंची गर्दी होती. मी फुलं घेत होते, तेवढ्यात तिने माझं बोट सोडलं आणि “आई! आई!” करत पायऱ्यांवरून खाली धावली. पांढरं लुगडं नेसलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईंचा पदर तिने दोन्ही हातांनी धरला. त्या बाई वळल्या. जयूने त्यांचं तोंड पाहिलं आणि पदर सोडून दिला.

“अरे, किसकी बेटी है ये?” त्यांनी विचारलं. मी धापा टाकत पोचले होते. “मेरी है,” एवढे दोन शब्द बोलायला मला किती वेळ लागला! जयू रडली नाही. हट्ट केला नाही. मुकाट्याने परत येऊन तिने माझं बोट धरलं. अक्का, सव्वादोन वर्षांच्या लेकराने असं मुकाट्याने परत यावं?

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. रात्रीचं जेवण वाढताना ह्यांना म्हटलं, “अक्कांना घेऊन या.” हे म्हणाले, “ती नाही यायची. आणि तुझं काय? जयू परत तिचीच होऊन बसेल.” मी म्हटलं, “होऊ दे.” ह्यांनी ताटावरून वर पाहिलं आणि म्हणाले, “मी तर रोज वाट बघत होतो, तू कधी म्हणतेस.”

तर तुमचे भाऊ येत्या शनिवारी बडोद्याला पोचतील. तुम्हाला मूल सांभाळायला बोलावत नाही. माझ्या शाळेत आता त्याची सोय आहे आणि जयू मजेत तिथे मुन्नाशी खेळू शकेल. स्वयंपाकालाही बोलावत नाही. तुमच्या सोवळ्याची चूल वेगळी मांडून ठेवली आहे, मनाला येईल तेव्हा पेटवा. तुम्ही या, कारण हे घर तुमचं आहे आणि ही मुलगी तुमची आहे. तिने तुम्हाला आत्या म्हणायला शिकावं असं मला आता वाटत नाही. मला काय म्हणायचं ते तिचं ती ठरवेल. मी आहेच इथे, मला घाई नाही.

यज्ञेश्वर भाऊजींना मी वेगळं पत्र टाकते आहे. लोक काय म्हणतील, आल्यासरशी परत कशी जाऊ, असलं काही मनात आणू नका. माझा तो नकाराचा अर्ज तुम्ही मला पुरा करू दिला नव्हता. आता तुमचं ‘नाही’ मीही ऐकणार नाही.

जयूला अजून काही सांगितलेलं नाही. उगाच दाराकडे बघत बसेल. तुम्ही टांग्यातून उतराल तेव्हाच तिला कळू दे.

जयूची दुसरी आई,
सुमन